एकच गोळी, दोन विषाणू

मागच्या उसाच्या हंगामात नांदगावच्या एका वस्तीतला भाऊ बायको-पोरांसह तोडीला गेला. एचआयव्हीची रोजची गोळी चालू होती. सोबत दोन महिन्यांच्या गोळ्या होत्या, त्या संपल्या. मुकादम सुट्टी देईना, फडात कुणाला कळेल ही भीती, आणि तब्येत तर ठणठणीत. त्याने गोळी सोडली.

काही आठवड्यांत डोळे हळदीसारखे पिवळे झाले. अन्नावरची वासना गेली, लघवी गडद झाली. कुणी माळ घातली, कुणी चुन्याच्या पाण्याने हात धुवून कावीळ 'उतरवली'. गावी आणलं तेव्हा पोटात पाणी झालं होतं. आम्ही जुने कागद चाळले. हिपॅटायटीस बी पॉझिटिव्ह, असं त्यात आधीच लिहिलेलं होतं. नवरा-बायकोला त्याचा अर्थ कुणीच समजावून सांगितला नव्हता.

हा अर्थ प्रत्येक घराला माहीत हवा. आज सरकारी एआरटी सेंटरवर बहुतेकांना जी गोळी मिळते, तिच्यात तीन औषधं असतात: टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर. यातली पहिली दोन हिपॅटायटीस बीच्या विषाणूलाही दाबून ठेवतात. म्हणजे ज्याला दोन्ही आजार आहेत, त्याची एकच गोळी दोन्हीकडे पहारा देते. पण बीचा विषाणू सहसा मरत नाही, लिव्हरमध्ये दबून बसतो. पहारा उठला की उसळतो आणि लिव्हरला अशी सूज येते की जीवही जाऊ शकतो. म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही. खाजगी डॉक्टर गोळी बदलतो म्हणाला, तर 'मला बी पण आहे' हे त्याला आधी सांगायचं. दारू तर लिव्हरची उघड वैरीण, तिच्याबद्दल वेगळं काय सांगावं!

आता माळेचं. उन्हाळ्यात घाण पाण्यातून येते ती कावीळ ए आणि ई प्रकारची. ती बहुतेक वेळा आपली आपणच बरी होते आणि श्रेय माळवाल्याला मिळतं. हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं म्हणता? कावीळ नसलेल्या माणसाचे हात त्याच औषधाने धुवून बघा, पाणी तेवढंच पिवळं होईल.

बी पाण्यातून येत नाही. तो रक्तातून, निरोधाशिवायच्या संबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. दुसऱ्याला टोचलेली सुई, दुसऱ्याचं ब्लेड, जत्रेतलं गोंदण यातूनही होतो. रक्ताच्या वाळलेल्या डागात हा विषाणू सात दिवस टिकू शकतो. पण एका ताटात जेवल्याने, एका माठातलं पाणी प्यायल्याने, पोराचा मुका घेतल्याने होत नाही. त्या भावाचं ताट-तांब्या त्याच्या आईने वेगळं केलं होतं. तिला हे पटवायला आम्हाला चार चकरा माराव्या लागल्या.

एआरटी सेंटरला जाल तेव्हा विचारा, 'माझी एचबीएसएजी तपासणी झाली का, काय आली?' लाजू नका. पॉझिटिव्ह असेल तर नवरा-बायको आणि मुलांचीही तपासणी करून घ्या. ज्यांना लागण नाही, त्यांना लस देता येते. एचआयव्ही असलेल्यांना लस कमी लागू पडते, म्हणून डोस किती ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. बाळ जन्मलं की २४ तासांच्या आत बीची लस टोचलीच पाहिजे. घाईत ती राहून जाते, तेव्हा सोबतच्या बाईने आठवण करावी. तान्हेपणी लागण झाली, तर दहातल्या नऊ बाळांमध्ये ती कायमची राहते. मोठ्या निरोगी माणसात असं क्वचित होतं.

२८ जुलै २०१८ पासून हिपॅटायटीससाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यात तपासणी आणि औषध मोफत आहे. एचआयव्हीबद्दल काही विचारायचं असेल तर १०९७ वर फोन करा, पैसे लागत नाहीत. आणि २०१७ च्या कायद्याने तुमचा आजार तुमच्या संमतीशिवाय मुकादमाला, मालकाला सांगता येत नाही.

तोडीला निघण्याआधी सेंटरवर सांगा, जास्त दिवसांच्या गोळ्या मागा. कार्ड जवळ असेल तर वाटेत दुसऱ्या जिल्ह्यातल्या एआरटी सेंटरवरही गोळ्या मिळू शकतात. तो भाऊ वाचला, पण उसाची मोळी आता त्याला उचलवत नाही. बायकोची तपासणी निगेटिव्ह आली. तिचे लसीचे दोन डोस झालेत, तिसऱ्याची तारीख आम्ही तिच्या घरच्या कॅलेंडरवर लिहून आलो आहोत.