आधुनिक चित्रकला, मुंबईतील

चित्रकलेतील आधुनिकतेचा उगम एकोणिसाव्या शतकातील फ्रान्समध्ये मानला जातो. पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाने नाकारलेल्या चित्रांचे स्वतंत्र प्रदर्शन १८६३ मध्ये भरले. १८७४ मध्ये मोने, पीसारो, सेझान प्रभृतींनी आपले पहिले सामूहिक प्रदर्शन मांडले. विषयाच्या थोरवीपेक्षा प्रत्यक्ष पाहण्याची क्रिया आणि कथनापेक्षा रंगलेपन यांस महत्त्व आले. मुंबईत या परिवर्तनाचे ठळक पडसाद उमटण्यास सु. सात दशके लागली. त्याचे कारण मुख्यतः येथील कलाशिक्षणात आहे.

सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ मध्ये झाली. पॅरिसमध्ये ज्या अकादमिक रीतीविरुद्ध बंड चालू होते, तीच रीती त्या काळात मुंबईत प्रगत विद्या म्हणून शिकविली जात होती. यथादर्शन, छायाप्रकाश व शरीररचना यांच्या काटेकोर अभ्यासातून म. वि. धुरंधर, सा. ल. हळदणकर यांसारखे समर्थ चित्रकार घडले. सावंतवाडीचे हळदणकर (१८८२–१९६८) यांचे म्हैसूर येथील, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र जलरंगांत आहे, हे पाहणाऱ्यास सहसा खरे वाटत नाही. ही सिद्धी केवळ अनुकरण म्हणून अव्हेरणे अन्यायाचे होय. नवचित्रकलेच्या पुरस्कर्त्यांनी ते पुष्कळदा केले आहे.

पॅरिसमध्ये शिकलेल्या अमृता शेरगिल यांना १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. त्याच सुमारास स्कूलचे संचालक चार्ल्स जेरार्ड यांनी विद्यार्थ्यांना उत्तर-दृक्‌प्रत्ययवादी चित्रांचा परिचय करून दिला. नाझी राजवटीमुळे मध्य यूरोप सोडून मुंबईत आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रूडॉल्फ फॉन लायडन व संग्राहक एमान्युएल श्लेसिंगर यांनी तरुणांना मार्गदर्शन, प्रसिद्धी आणि ग्राहक मिळवून दिले. यूरोपातील आधुनिकता मुंबईत आली, ती अशा रीतीने काही अंशी निर्वासितांच्या हातून.

प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना १९४७ मध्ये झाली. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सै. है. रझा, कृ. हौ. आरा, म. फि. हुसेन, ह. अं. गाडे व सदानंद बाकरे हे त्याचे सहा सदस्य. गोमंतकातील साळगावचे सूझा यांना राजकीय चळवळीतील सहभागामुळे स्कूलमधून काढण्यात आले होते. हुसेन चित्रपटांचे फलक रंगवीत. आरा यांनी घरगडी म्हणून काम केले होते. त्यांची शैली एक नव्हती. सूझांची जाड, आक्रमक बाह्यरेषा आणि गाडे यांची रंगप्रधान निसर्गदृश्ये यांत साम्य थोडेच. अकादमिक वास्तववाद व पुनरुज्जीवनवादी भावुकता या दोहोंना नकार, एवढेच समान सूत्र होते. भारतीय परंपरा मात्र त्यांनी टाकली नाही. दिल्लीतील १९४८ च्या प्रदर्शनात पाहिलेली गुप्तकालीन शिल्पे आणि बसोहली लघुचित्रे हुसेन यांच्या आकृतिरचनेत मुरली.

गटाचे प्रदर्शन मुंबईत जुलै १९४९ मध्ये भरले. त्याच वर्षी सूझा लंडनला, १९५० मध्ये रझा पॅरिसला आणि १९५१ मध्ये बाकरे लंडनला गेले. वा. सं. गायतोंडे, मोहन सामंत आदी नंतर सहभागी झाले, तरी १९५६ च्या सुमारास गट विसर्जित झाला.

या सहा जणांतील बाकरे (१९२०–२००७) हे एकमेव मूर्तिकार. इंग्लंडमध्ये ते चित्रकलेकडेही वळले. १९७५ मध्ये परतल्यावर त्यांनी मुंबईच्या कलाव्यवहारापासून दूर, रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातील मुरूड येथे वास्तव्य केले. सहकाऱ्यांच्या चित्रांना जागतिक बाजारपेठ लाभत असता त्यांचे नाव मागे पडले. मुरूड येथेच त्यांचे निधन झाले.