पावलं कुठल्या कपाटात ठेवायची?

आधी एक गंमत करून बघा. बुटाची नाडी कशी बांधायची, ते नाडीला हात न लावता कागदावर लिहून काढा. मग तो कागद धाकट्या भावंडाला द्या आणि म्हणा, "बांध यावरून!" जी गाठ तयार होईल ती बघून हसू नका हं. तुमच्या बोटांना नाडी येते, पण ती शब्दांत सांगता येत नाही. नाचाचंही अगदी असंच असतं.

नवी मुंबईतलं महापे तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. कारखाने आहेत, मोठमोठी ऑफिसं आहेत, आणि आता डेटा सेंटरंही आहेत. म्हणजे रात्रंदिवस थंड ठेवलेल्या खोल्यांत ओळीनं संगणक, आणि त्यांत जगभरचे फोटो, हिशेब, चित्रफिती साठवलेल्या. पण ही कारखान्यांची वस्ती होण्याच्या कितीतरी आधीपासून इथं आगरी मंडळींचं गाव आहे. गौरीच्या रात्री तिथं बायका फेर धरून नाचतात. असाच एक फेर बघायला मी गेले होते.

फेरातल्या मुलींची पावलं चुकत होती. खुर्चीवर बसलेल्या एक आजी ओरडल्या, "अगो पोरींनो, पाय आधी, टाळी मागून!" मी वही काढून विचारलं, "आजी, कुठला पाय आधी?" आजी गप्प. कपाळाला आठ्या. मग त्यांनी पुटपुटत गाणं सुरू केलं. खुर्चीखाली त्यांचे पाय आपोआप हलायला लागले. आजींनी खाली वाकून स्वतःच्याच पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उजवा!"

घरात पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या एका गौरीची व्हिडिओ कॅसेट होती. तिची नंतर सीडी करून घेतलेली. आम्ही ती लावली. त्यात आजी तासभर नाचताना दिसतात, पण फक्त कमरेच्या वर! कॅमेरावाल्यानं सगळ्यांचे चेहरे टिपले, दागिने टिपले, पाय काही घेतले नाहीत. आजींचे गुडघे आता फेरात उतरू देत नाहीत. म्हणजे ती पावलं आता आजींच्या पायांत तेवढी शिल्लक.

तुम्ही म्हणाल, मग लिहून ठेवावं ना! लोकांनी तेही करून पाहिलंय. रुडॉल्फ लाबान यांनी १९२८ साली हालचालींची एक लिपीच प्रसिद्ध केली. ती खालून वर वाचायची. पण ती यायला आधी शिकावी लागते, आणि आपल्याकडचे बहुतेक नाच कुणी तीत उतरवलेले नाहीत.

आणि समजा, उलटं झालं तर? कागद राहिला आणि पाय गेले तर? त्याची गोष्ट खूप दूर, तमिळनाडूतल्या तंजावरला घडली. पण ती आहे मराठीचीच! शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे यांच्या वंशजांनी तिथं राज्य केलं. त्यांपैकी दुसरे सरफोजी राजे (१७९८ ते १८३२) पुस्तकांचे भारी वेडे. तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी भरभरून वाढवलं. त्यांच्या नावावर नाचासाठी लिहिलेल्या मराठी रचना आहेत : 'कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस'. नाव वाणसामानाच्या यादीसारखं वाटतं ना? 'कोर्वै' हा तमिळ शब्द, अर्थ ओवलेली माळ. आणि जिन्नस आपल्या ओळखीचाच. एकेक कथा घ्यायची आणि जयजय, अलारू, शब्द, वर्ण, पद, तिल्लाणा अशा तुकड्यांची माळ ओवून ती नाचायची.

राज्य गेलं, दरबार संपला. शब्द ग्रंथालयात सुखरूप राहिले, पण ते नाचणारं कुणी उरलं नाही. मग मुंबईचे नृत्यगुरू आचार्य पार्वतीकुमार त्या रचनांच्या मागे लागले. शब्दांवर कुठला पाय टाकायचा, हे पोथी थोडीच सांगणार! पण पार्वतीकुमार भरतनाट्यम् शिकलेले होते. हाताची, पायाची ती भाषा दक्षिणेतल्या गुरूंनी पिढ्यान्‌पिढ्या, लाकडी दांडक्यानं ताल धरत, शिष्यांच्या अंगात उतरवली होती. त्या भाषेच्या आधारानं त्यांनी सरफोजी राजांच्या मराठी रचना पुन्हा रंगमंचावर उभ्या केल्या. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर पुढे के. पी. किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही शिकल्या. हे गुरू कोण? सरफोजी राजांच्या दरबारातल्या चार प्रसिद्ध नृत्यगुरू भावांचे वंशज!

अर्थात, आज दिसतो तो नाच हुबेहूब दरबारातलाच, असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. मधल्या काळात काय काय गळलं असेल! मला मात्र त्याहून जास्त काळजी महाप्याच्या आजींची वाटते. त्यांच्या फेराची तर पोथीही नाही.

आम्ही मग एक केलं. आजींच्या नातीनं मोबाइल जमिनीवर पाटाला टेकवून ठेवला. आजी गायल्या, खुर्चीतूनच पाय हलवले. नात शेजारी उभी राहून तेच करत होती आणि चुकली की आजी तिच्या पोटरीवर चापट मारत होत्या. चापटीचा आवाजही चित्रफितीत आलाय.

तुमच्या घरी कुणी फेर धरणारं, फुगडी घालणारं असेल, तर येत्या सणाला कॅमेरा खाली करा. तारीख, गाव, कुणाकडून शिकलात, हे सगळं त्यांच्याच तोंडून बोलून घ्या. आणि मग फोन बाजूला ठेवून त्यांच्या शेजारी उभे राहा. पाय आधी, टाळी मागून!