सागरी गोगलगायींचे जलांतर्गत छायाचित्रण आणि ओळख

सागरी गोगलगायींचे जलांतर्गत छायाचित्रण म्हणजे स्कूबा साधनांच्या साहाय्याने पाण्याखाली जाऊन, कवच नसलेल्या किंवा कवच अतिशय लहान उरलेल्या सागरी उदरपाद प्राण्यांची त्यांच्या अधिवासातच छायाचित्रे घेणे आणि त्यांवरून त्यांची जाती निश्चित करण्याचा प्रयत्न करणे होय. हौशी पाणबुडे आणि प्राणिशास्त्रज्ञ असे दोघेही हे काम करतात. या प्राण्यांचे रंग ठळक असल्यामुळे त्यांना ओळखणे सोपे आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात रंग हे त्यांचे सर्वांत चटकन दिसणारे, परंतु अनेकदा फसवे लक्षण असते. त्यामुळे रंगाखेरीज कोणती शरीरलक्षणे आणि कोणती माहिती नोंदली गेली आहे, यावर छायाचित्राचा शास्त्रीय उपयोग अवलंबून असतो.

नाव व वर्गीकरण

‘सागरी गोगलगाय’ हे वर्गीकरणातील एखाद्या गटाचे शास्त्रीय नाव नाही. मृदुकाय संघाच्या उदरपाद वर्गातील अनेक गटांसाठी मिळून वापरले जाणारे ते व्यवहारातील नाव आहे. उत्क्रांतीच्या ओघात कवच लहान होण्याची किंवा नाहीसे होण्याची प्रक्रिया या गटांत वेगवेगळी घडली. त्यांपैकी सर्वांत मोठा गट न्यूडिब्रँक हा आहे. हे नाव ‘उघडा’ या अर्थाचा लॅटिन शब्द आणि ‘क्लोम’ या अर्थाचा ग्रीक शब्द यांपासून बनले असून मराठीत त्यासाठी ‘नग्नक्लोम’ असा शब्द वापरता येतो. या गटात ३,००० हून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे. समुद्रससे, शैवालातील रस शोषणारे सॅकोग्लॉसा आणि डोक्यावर ढालीसारखा भाग असलेले सेफॅलॅस्पिडिया यांचाही समावेश सागरी गोगलगायींत केला जातो. बहुतेक जातींची लांबी काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटरपर्यंत असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

शंख-शिंपल्यांचे नमुने संग्रहालयात शतकानुशतके टिकतात. सागरी गोगलगायींचे तसे होत नाही. अल्कोहोलमध्ये ठेवल्यावर त्यांचे शरीर आकसते आणि रंग थोड्याच काळात उडून जातात. त्यामुळे जिवंत प्राण्याचे चित्र हे त्यांच्या अभ्यासाचे सुरुवातीपासूनच आवश्यक साधन राहिले. जोशुआ अल्डर आणि अल्बनी हॅनकॉक या इंग्रज अभ्यासकांनी १८४५ ते १८५५ या काळात ब्रिटनमधील नग्नक्लोम प्राण्यांवरील ग्रंथ रंगीत चित्रांसह प्रसिद्ध केला. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी वॉल्टर इलियट यांनी आजच्या विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर जमवलेल्या संग्रहाचे वर्णनही याच दोघांनी १८६४ साली केले.

१९४३ साली फ्रान्समध्ये जाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाण्याखाली श्वास घेण्याचे स्वयंपूर्ण उपकरण विकसित केले. १९६३ साली निकोनॉस हा जलरोधक कॅमेरा बाजारात आला. तरीही फिल्मच्या एका रिळात साधारण ३६ छायाचित्रेच बसत आणि पाण्याखाली रीळ बदलता येत नसे. डिजिटल कॅमेऱ्यामुळे ही अडचण दूर झाली. एकाच प्राण्याची अनेक बाजूंनी छायाचित्रे घेणे आणि ती तेथेच तपासून पाहणे शक्य झाले.

शोध

सागरी गोगलगायींचा आहार सहसा अतिशय मर्यादित असतो. त्यामुळे अनुभवी पाणबुडा प्राण्याऐवजी त्याचे खाद्य शोधतो. डोरिड गटातील बहुसंख्य जाती स्पंज खातात. इओलिड गटातील अनेक जाती झुडपासारख्या वाढणाऱ्या हायड्रॉइडांवर जगतात. पॉलिसेरिडी कुलातील अनेक जाती ब्रायोझोआंवर, तर सॅकोग्लॉसा मुख्यतः हिरव्या शैवालावर आढळतात. खडकावर फितीसारखी गुंडाळलेली अंड्यांची माळ दिसली, तर प्राणीही जवळपास असण्याची शक्यता असते. अनेक जातींचे आयुष्य एक वर्षाहून कमी असल्यामुळे एखाद्या ठिकाणी एका हंगामात मुबलक असलेली जाती पुढच्या हंगामात तेथे दिसेलच असे नाही.

छायाचित्रण

पाणी प्रकाशातील तांबडा रंग सर्वांत आधी शोषून घेते. साधारण पाच मीटर खोलीपासूनच तांबडा रंग मंदावतो आणि त्याखाली सर्व काही निळसर-हिरवे दिसू लागते. त्यामुळे प्राण्याचे खरे रंग नोंदवण्यासाठी फ्लॅश किंवा जलरोधक दिवा जवळून वापरावा लागतो. कॅमेरा आणि प्राणी यांच्यामधील पाण्यात तरंगणारे कण फ्लॅशच्या उजेडात पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात. ते टाळण्यासाठी फ्लॅश भिंगाच्या दोन्ही बाजूंना दूर ठेवतात आणि प्राण्याच्या शक्य तितके जवळ जातात.

यासाठी ६० ते १०५ मिलिमीटरचे मॅक्रो भिंग किंवा जवळून छायाचित्र घेऊ शकणारा लहान कॅमेरा वापरला जातो. इतक्या जवळून छायाचित्र घेताना स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली काही मिलिमीटरच उरते. म्हणून भिंगाचे छिद्र लहान ठेवतात आणि त्यामुळे कमी होणारा प्रकाश फ्लॅशने भरून काढतात. पांढऱ्या शरीरावर फ्लॅशचा प्रकाश जास्त पडल्यास कडेच्या बारीक रंगीत रेषा पुसट होतात. क्रोमोडोरिडिडी कुलात तर या रेषांचा क्रम ओळखीसाठी महत्त्वाचा असतो.

कलात्मक छायाचित्र आणि ओळखीसाठीचे छायाचित्र यांच्या गरजा वेगळ्या असतात. केवळ डोके स्पष्ट ठेवून उरलेले शरीर धूसर केलेले किंवा पार्श्वभूमी पूर्ण काळी केलेले छायाचित्र आकर्षक दिसते. परंतु त्यात क्लोमांचा आकार, कडेचे रंग आणि प्राणी कशावर बसला होता, ही माहिती हरवते. ओळखीसाठी पुढील छायाचित्रांचा संच उपयुक्त मानला जातो :

- पाठीवरून घेतलेले, संपूर्ण शरीर स्पष्ट दिसणारे छायाचित्र.
- उजव्या बाजूचे छायाचित्र. जननरंध्र याच बाजूला असते आणि इओलिड गटात गुदद्वाराची जागाही येथेच पाहावी लागते.
- डोके आणि त्यावरील शृंगिकांचे समोरून घेतलेले छायाचित्र.
- क्लोम पूर्ण पसरलेले असताना त्यांचे जवळून घेतलेले छायाचित्र.
- खाद्य, अंड्यांची माळ आणि परिसर दाखवणारे छायाचित्र.
- शेजारी मोजपट्टी किंवा ज्ञात मापाची वस्तू ठेवून घेतलेले छायाचित्र.

शेवटच्या छायाचित्राचे कारण प्रकाशाच्या अपवर्तनात आहे. पाणबुड्याच्या मुखवट्याच्या सपाट काचेतून वस्तू प्रत्यक्षापेक्षा सुमारे एक-तृतीयांश मोठी दिसते. त्यामुळे नजरेने केलेला लांबीचा अंदाज बहुधा चुकतो.

ओळखीची लक्षणे

ओळख रंगापासून न करता शरीररचनेपासून सुरू केली जाते. डोक्यावर ऱ्हायनोफोर नावाच्या शृंगिकांची जोडी असते. पाण्यातील रासायनिक संकेत टिपणे हे तिचे कार्य होय. बहुतेक डोरिडांना या शृंगिका खाली असलेल्या खोबणीत ओढून घेता येतात, तर इओलिडांत अशी खोबण नसते. समुद्रसशांच्या आणि अनेक सॅकोग्लॉसांच्या शृंगिका पन्हाळीप्रमाणे गुंडाळलेल्या असतात.

दुसरे लक्षण श्वसनेंद्रियांचे होय. बहुतेक डोरिडांच्या पाठीवर मागील बाजूस, गुदद्वाराभोवती, पिसाऱ्यासारख्या क्लोमांचे वर्तुळ असते. क्रोमोडोरिडिडी कुलात ते शरीरात ओढून घेता येते, तर पॉलिसेरिडी कुलात तसे करता येत नाही. फिलिडिडी कुलात पाठीवर क्लोमच नसतात. ते प्रावाराच्या कडेखाली दडलेले असतात. इओलिडांच्या पाठीवर क्लोमांऐवजी सेराटा नावाच्या बोटांसारख्या वाढी असतात. या वाढींच्या टोकांशी, खाल्लेल्या हायड्रॉइडांच्या दंशकोशिका साठवून ठेवल्या जातात आणि संरक्षणासाठी वापरल्या जातात. सेराटांची मांडणी, म्हणजे त्या ओळींत आहेत, झुपक्यांत आहेत की विखुरलेल्या आहेत, हे ओळखीचे महत्त्वाचे लक्षण होय. त्यांच्या आतील पाचक ग्रंथीचा रंग मात्र नुकत्याच खाल्लेल्या अन्नानुसार बदलू शकतो.

गट आणि कूळ ठरल्यानंतरच रंग व नक्षी विचारात घेतली जाते. उदाहरणार्थ, क्रोमोडोरिस ॲनी आणि क्रोमोडोरिस एलिसाबेथिना या दोन्ही जाती निळ्या असून त्यांच्या पाठीवर काळ्या रेषा आणि कडेला पिवळा-नारिंगी पट्टा असतो. ॲनीच्या निळ्या भागात बारीक काळे ठिपके असतात, एलिसाबेथिनामध्ये ते नसतात. हा फरक दूरवरून घेतलेल्या छायाचित्रात दिसत नाही.

फसवी साम्ये

अनेक सागरी गोगलगायी विषारी किंवा बेचव असतात आणि त्यांचे भडक रंग भक्षकांना इशारा देतात. त्यामुळे एकाच भागातील वेगवेगळ्या जातींचे रंग एकमेकींसारखे होत गेल्याची उदाहरणे आहेत. काही चपटकृमींची नक्षीही फिलिडिडी कुलातील गोगलगायींसारखी असते. चपटकृमी कागदासारखा पातळ असतो, त्याला क्लोम नसतात आणि त्याच्या ‘शृंगिका’ म्हणजे शरीराच्या पुढील कडेच्या घड्या असतात. पिअर्सनोथुरिया ग्रेफी या समुद्रकाकडीची पिल्लेही याच कुलातील गोगलगायींसारखी दिसतात.

२०१८ साली हिंदी व प्रशांत महासागरांतील क्रोमोडोरिस प्रजातीचा डीएनएच्या आधारे केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच जातीची नक्षी वेगवेगळ्या प्रदेशांत वेगळी असू शकते आणि एकाच प्रदेशातील भिन्न जाती जवळजवळ सारख्या दिसू शकतात, असे त्यात आढळले. त्यामुळे दूरच्या समुद्रातील छायाचित्राशी रंग जुळला, एवढ्यावरून जाती निश्चित करणे धोक्याचे ठरते.

शास्त्रीय नावांतील बदल हीसुद्धा एक अडचण असते. २०१२ साली क्रोमोडोरिडिडी कुलाचे नवे वर्गीकरण मांडले गेले आणि पूर्वी क्रोमोडोरिस प्रजातीत असलेल्या अनेक जाती गोनिओब्रँकस प्रजातीत गेल्या. त्यापूर्वीच्या मार्गदर्शक पुस्तकांतील नावे सागरी जातींच्या जागतिक नोंदवहीतील चालू नावांशी ताडून पाहावी लागतात.

छायाचित्राच्या मर्यादा

काही जातींचे निर्णायक लक्षण वरून दिसतच नाही. फिलिडिया व्हॅरिकोसा या जातीच्या पायाच्या तळव्यावर मध्यभागी काळी रेषा असते. तिच्यासारख्या दिसणाऱ्या फिलिडिया कोएलेस्टिस या जातीत ती नसते. ही रेषा पाहण्यासाठी प्राणी उलटा करावा लागेल. अन्य काही जाती वेगळ्या ओळखण्यासाठी रॅड्युला या दातांच्या पट्टीची रचना आणि जननसंस्था सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते किंवा डीएनए तपासावा लागतो. अशा वेळी प्रजातीचे नाव लिहून जाती अनिश्चित ठेवणे हीच योग्य नोंद होय. अनिश्चित नोंद पुढे नवी माहिती मिळाल्यावर सुधारता येते. चुकीच्या नावाने केलेली नोंद मात्र खरी मानली जाऊन वितरणाच्या नकाशात जाते आणि ती जाती जेथे नाही तेथे असल्याचे भासवते.

नोंदींचा उपयोग

छायाचित्रासोबत दिनांक, ठिकाण, खोली, पाण्याचे तापमान, प्राण्याची लांबी आणि अधिवास यांची नोंद असल्यास ते शास्त्रीय पुरावा म्हणून वापरता येते. आयनॅचरलिस्टसारख्या व्यासपीठांवर अशा नोंदी इतर अभ्यासकांना तपासता येतात. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात पोर्ट स्टीफन्स येथे २०१३ साली सदर्न क्रॉस विद्यापीठाच्या पुढाकाराने सागरी गोगलगायींची गणना सुरू झाली. तीत स्वयंसेवक पाणबुडे ठरावीक दिवसांत छायाचित्रे घेऊन देतात. पुढे हा उपक्रम इतर ठिकाणीही पसरला.

आयुष्य कमी आणि अळ्या प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या असल्यामुळे या प्राण्यांची संख्या व वितरण समुद्राच्या तापमानानुसार लवकर बदलू शकते. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात नेहमी आढळणारी ओकेनिया रोझेसिया ही गुलाबी जाती २०१५ च्या सुरुवातीला, समुद्र असाधारण उबदार असताना, उत्तरेकडील किनाऱ्यावर मोठ्या संख्येने दिसली. पूर्वीच्या भरवशाच्या नोंदी उपलब्ध असल्यामुळेच हा बदल ओळखता आला.

प्राण्यांची व पाणबुड्यांची सुरक्षितता

प्राण्याला स्पर्श करणे, चांगल्या पार्श्वभूमीसाठी उचलून दुसरीकडे ठेवणे किंवा खाद्यापासून वेगळे करणे अयोग्य मानले जाते. जागा बदलल्यास प्राण्याची हानी होऊ शकते. शिवाय तो कशावर जगतो याची नोंदही खोटी ठरते. पाणी ढवळले गेल्यास गोगलगाय क्लोम आत ओढून घेते, त्यामुळे संथपणे जवळ जाणे छायाचित्रासाठीही हिताचे असते.

या छायाचित्रणातून होणारी मोठी हानी बहुधा आजूबाजूच्या प्रवाळांची असते. नजर कॅमेऱ्याच्या पडद्यावर खिळलेली असताना पायांतील पंख प्रवाळांवर आदळतात. तरंगण्यावर पक्के नियंत्रण येण्यापूर्वी कॅमेरा वापरू नये, असा सल्ला म्हणूनच दिला जातो. भारतात कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षण आहे. कॅमेरा स्थिर ठेवण्यासाठी श्वास रोखून धरणे धोकादायक असते. श्वास रोखून वर आल्यास प्रसरण पावणाऱ्या हवेमुळे फुफ्फुसांना इजा होऊ शकते. छायाचित्रणात गुंतल्याने टाकीतील हवा, खोली व वेळ यांकडे दुर्लक्ष होणे, हाही एक धोका आहे.

भारतातील नोंदी

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात २००९ साली लक्षद्वीपमधील सागरी गोगलगायींवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील ४० जाती भारतासाठी नव्या होत्या. २०१० साली कच्छच्या आखातातील सचित्र सूची आणि २०११ साली रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील नग्नक्लोम प्राण्यांवरील सचित्र टिपण प्रसिद्ध झाले. रत्नागिरीच्या टिपणात भारतासाठी नव्या ११ जातींची नोंद होती. २०२० साली पश्चिम भारतातून क्रॅटेना पोशित्रा आणि क्रॅटेना पवारशिंदेओरम या दोन नव्या जातींचे वर्णन शरीररचना व डीएनए या दोन्हींच्या आधारे करण्यात आले.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पाणी अनेकदा गढूळ असते आणि पावसाळ्यात स्कूबा डायव्हिंग बंद राहते. मालवण-तारकर्ली परिसरात त्याचा हंगाम साधारणतः ऑक्टोबर ते मे असा असतो. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. कोकणातील खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उथळ डबक्यांतही अनेक जाती दिसतात. त्यामुळे स्कूबा प्रशिक्षण नसलेल्या विद्यार्थ्यांनाही त्यांचे निरीक्षण आणि नोंद करणे शक्य आहे.