उमेदवाराची निवड आणि स्थानिक पक्षसंघटना : लिंकन येथील प्रकरण

इंग्लंडमधील पार्लमेंटच्या निवडणुकीचे विवेचन बहुधा मतदानाच्या दिवसापासून सुरू होते. वस्तुतः ज्या मतदारसंघांत एकाच पक्षाचे प्राबल्य दीर्घकाळ टिकून असते, तेथे प्रतिनिधी कोण होणार हा प्रश्न त्यापूर्वीच, एखाद्या पक्षकार्यालयातील संध्याकाळच्या बैठकीत, निकालात निघालेला असतो. त्या बैठकीस हजर असणारांची संख्या क्वचितच काही शेकड्यांपलीकडे जाते. मतदारांपुढे येतो तो या मंडळींनी ठरविलेला मनुष्य. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून कॉमन्स सभेत गेले ही गोष्ट आपल्याकडे सर्वश्रुत आहे. परंतु त्याआधी काही वर्षे त्यांना तेथील लिबरल संघटनेतील उमेदवारीच्या वादाला तोंड द्यावे लागले होते, याचा उल्लेख फारसा होत नाही. मतपेटीपर्यंत पोचण्याची वाट संघटनेच्या दारावरून जाते, आणि त्या दाराची किल्ली कोणाच्या हाती असावी, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

त्यासाठी लिंकन या शहराचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. टेकडीवरील भव्य कॅथीड्रल आणि खाली विदम नदीकाठी वसलेले यंत्रनिर्मितीचे कारखाने, अशी या शहराची दुहेरी ठेवण आहे. कारखान्यांतील कामगारवर्गामुळे १९४५ पासून येथे मजूर पक्षाचा उमेदवार निवडून येत असे. १९६२ च्या मार्चमध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत डिक टॅव्हर्न हे तरुण बॅरिस्टर या जागेवर निवडून आले. ते गेट्स्केल यांच्या विचारांचे, म्हणजे पक्षाच्या उजव्या बाजूचे. विल्सन यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात त्यांनी प्रथम गृहखात्यात व नंतर अर्थखात्यात कनिष्ठ मंत्रिपदे सांभाळली. लंडनमध्ये त्यांची प्रतिष्ठा वाढत गेली. लिंकनमधील पक्षसंघटना मात्र त्याच काळात हळूहळू डावीकडे झुकत होती. अशी दुफळी पुष्कळ ठिकाणी असते आणि बहुतेक ठिकाणी ती कुरबुरीच्या पातळीवरच राहते. लिंकनमध्ये तसे घडले नाही.

या ठिकाणी मजूर पक्षाच्या तत्कालीन निवडपद्धतीची माहिती देणे अवश्य आहे. मतदारसंघातील पक्षाचा कारभार ‘जनरल मॅनेजमेंट कमिटी’ नावाच्या प्रतिनिधिमंडळाकडे असे. शहराच्या प्रभागांतील शाखा, महिला व युवक विभाग, आणि पक्षाशी संलग्न असलेल्या कामगार संघटनांच्या स्थानिक शाखा हे सर्व आपापले प्रतिनिधी या मंडळावर पाठवीत. उमेदवार निवडावयाचा झाल्यास नावे सुचविण्याचा अधिकार या शाखांना. त्यांतून छाननी करून मोजक्या नावांची यादी स्थानिक कार्यकारिणीने करावयाची. आणि त्या इच्छुकांची भाषणे ऐकून शेवटचे मतदान मंडळाने करावयाचे. यानंतर पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीची मान्यता लागे. सामान्य सभासदाला, म्हणजे केवळ वर्गणी भरणाऱ्याला, या मतदानात थेट स्थान नव्हते. एकदा निवडून आलेल्या सभासदाला पुढच्या निवडणुकीत पुन्हा उभे करण्याची प्रथा होती. तथापि हेच मंडळ नियमानुसार खास सभा बोलावून त्याला निवृत्त होण्यास सांगू शकत असे. तो अधिकार क्वचितच वापरला जाई.

ठिणगी पडली ती युरोपीय सामायिक बाजारपेठेच्या प्रश्नावर. २८ ऑक्टोबर १९७१ रोजी ब्रिटनच्या प्रवेशाला तत्त्वतः संमती देणारा ठराव हीथ सरकारने कॉमन्स सभेपुढे मांडला. मजूर पक्षाने विरोधात मत देण्याचा कडक पक्षादेश काढला होता. तो झुगारून पक्षाच्या ६९ सभासदांनी सरकारच्या बाजूने मत दिले, आणि ठराव ३५६ विरुद्ध २४४ मतांनी संमत झाला. त्या ६९ जणांत टॅव्हर्न होते. त्यांच्यासारखेच मत देणारे रॉय जेंकिन्स प्रभृती इतर अनेकजण आपापल्या स्थानिक मंडळांशी कसाबसा समेट करून राहिले. लिंकनच्या मंडळाने मात्र जून १९७२ मध्ये, टॅव्हर्न यांनी पुढील निवडणुकीच्या वेळी निवृत्त व्हावे, असा ठराव ७५ विरुद्ध ५० मतांनी केला. राष्ट्रीय कार्यकारिणीकडे त्यांनी केलेले अपील फेटाळण्यात आले.

येथे दोन्ही पक्षांची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. कारण या वादाची मांडणी पुष्कळदा एकांगी केली जाते. टॅव्हर्न यांचा युक्तिवाद असा, की पार्लमेंटचा सभासद हा आपल्या विवेकबुद्धीला आणि समस्त मतदारांना उत्तरदायी असतो. पन्नास हजारांवर मतदारांच्या प्रतिनिधीला सव्वाशे माणसांनी दूर करावे, हे लोकशाहीला धरून नाही. या भूमिकेमागे १७७४ मध्ये एडमंड बर्कने ब्रिस्टलच्या मतदारांपुढे केलेल्या विवेचनाची परंपरा आहे. उलट मंडळाची बाजूही तितकीच सुसंगत होती. मतदारांनी मत दिले ते मुख्यतः पक्षाला; उमेदवाराला तिकीट दिले, दारोदार फिरून प्रचार केला, तो पक्षाच्या कार्यकर्त्यांनी. पक्षाच्या परिषदेने ठरविलेल्या धोरणाविरुद्ध, तेही प्रतिस्पर्धी सरकारच्या मदतीला, जो मत देतो त्याला पुन्हा तिकीट न देण्याचा हक्क तिकीट देणाऱ्यांना का नसावा? मंडळाने त्यांची जागा काढून घेतली नव्हती. फक्त पुढच्या खेपेस आपले नाव वापरू देण्यास नकार दिला होता. कायद्याच्या दृष्टीने पाहता यात काही वावगे नव्हते. अडचण एवढीच, की जेथे पक्षाचे नाव म्हणजेच जागा, तेथे या दोन गोष्टींतील फरक व्यवहारात उरत नाही.

टॅव्हर्न यांनी हा फरक प्रत्यक्ष कसोटीला लावला. ऑक्टोबर १९७२ मध्ये त्यांनी जागेचा राजीनामा दिला आणि ‘डेमोक्रॅटिक लेबर’ या नावाने पोटनिवडणूक लढविण्याचे जाहीर केले. पोटनिवडणुकीचा आदेश काढण्याची मागणी, ज्या पक्षाकडे ती जागा होती त्याने करावी, असा संकेत आहे. त्यामुळे वेळेची निवड मजूर पक्षाच्या हाती राहिली आणि मध्ये जवळजवळ पाच महिने गेले. १९६९ च्या कायद्यान्वये मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे त्याचे थोडक्यात वर्णन छापण्याची सोय नुकतीच झाली होती. त्यापूर्वी ब्रिटिश मतपत्रिकेवर पक्षाचे नावच नसे, ही गोष्ट पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून पक्षचिन्हांना सरावलेल्या भारतीय वाचकाला नवलाची वाटेल.

१ मार्च १९७३ रोजी मतदान झाले. टॅव्हर्न यांना २१,९६७, मजूर पक्षाच्या अधिकृत उमेदवाराला ८,७७६ आणि हुजूर पक्षाच्या जोनाथन गिनेस यांना ६,६१६ मते पडली. सुमारे ५८ टक्के मते आणि १३,१९१ चे मताधिक्य हा कोणाच्याही अपेक्षेबाहेरचा विजय होता. त्याच वर्षीच्या नगरपरिषदेच्या निवडणुकीतही त्यांच्या अनुयायांनी बहुमत मिळविले. तथापि या आकड्यांचा अर्थ लावताना सावध राहिले पाहिजे. लिबरल पक्षाने उमेदवार उभा केला नव्हता, आणि हुजूर पक्षाचा उमेदवार त्या पक्षाच्या अगदी उजव्या टोकाचा होता. मध्यममार्गी मतदाराला दुसरा आधारच नव्हता. शिवाय पोटनिवडणुकीत सरकार कोणाचे येणार हा प्रश्न नसतो. फेब्रुवारी १९७४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत तो प्रश्न पुढे येताच टॅव्हर्न यांचे मताधिक्य १,२९३ वर आले, आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये मजूर पक्षाच्या मार्गारेट जॅक्सन यांनी त्यांचा ९८४ मतांनी पराभव केला. याच मार्गारेट बेकेट या नावाने २००६ मध्ये ब्रिटनच्या पहिल्या स्त्री परराष्ट्रमंत्री झाल्या. मतदार एखाद्या प्रसंगी मनुष्याच्या पाठीशी उभे राहतात. पक्षाशिवाय त्याला फार काळ तोलून धरीत नाहीत, असे या तीन निकालांवरून दिसते.

हा रोग केवळ मजूर पक्षाचा, असे समजणे चुकीचे होईल. बोर्नमथ या समुद्रकाठच्या सधन शहरात नायजेल निकल्सन हे हुजूर पक्षाचे सभासद होते. नोव्हेंबर १९५६ मध्ये सुएझच्या प्रश्नावर त्यांनी आपल्याच सरकारला मत देण्याचे टाळले. फाशीची शिक्षा रद्द करण्यासही त्यांचा पाठिंबा होता. डिसेंबरमध्ये स्थानिक संघटनेच्या सभेने २९८ विरुद्ध ९२ मतांनी त्यांच्यावर अविश्वास व्यक्त केला. पुढे त्यांच्या जागी निवडलेला उमेदवार अतिरेकी साम्राज्यवाद्यांशी असलेल्या संबंधांमुळे बाजूला झाला, आणि मग एक अपूर्व गोष्ट घडली : फेब्रुवारी १९५९ मध्ये संघटनेच्या सर्व सभासदांचे टपालाने मतदान घेण्यात आले. ३,७६२ विरुद्ध ३,६७१, म्हणजे अवघ्या ९१ मतांनी निकल्सन हरले. सभेतील तिपटीहून अधिक मतांची तफावत टपालाच्या मतदानात जवळजवळ नाहीशी झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अर्थात दोन वर्षांचा काळही मध्ये गेला होता.

लिंकननंतर मजूर पक्षातील विचार दोन विरुद्ध दिशांनी वाहिला. डाव्या गटाने आग्रह धरला, की प्रत्येक सभासदाला दर पार्लमेंटमध्ये एकदा मंडळापुढे पुन्हा निवडीसाठी उभे राहणे सक्तीचे असावे. हा नियम १९८० मध्ये स्वीकारला गेला. दुसऱ्या प्रवाहाने मंडळाचाच अधिकार सामान्य सभासदांकडे नेण्याचा मार्ग धरला, आणि १९९३ मध्ये ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व मान्य झाले. दोन्ही उपाय लोकशाहीच्या नावाने पुढे आले, परंतु त्यांचे लाभार्थी वेगळे होते. पहिल्याने सभांना नियमित येणाऱ्या कार्यकर्त्याचे वजन वाढले, दुसऱ्याने घरी बसून मत देणाऱ्या वर्गणीदाराचे.

याच्याही पुढचे पाऊल हुजूर पक्षाने डेव्हनमधील टॉटनेस येथे टाकले. खर्चाच्या प्रकरणानंतर तेथील सभासदाने पुन्हा उभे न राहण्याचे ठरविले, तेव्हा पक्षाने तीन इच्छुकांची नावे असलेली मतपत्रिका मतदारसंघातील सुमारे ६९,००० मतदारांना, ते कोणत्याही पक्षाचे असोत, टपालाने पाठविली. १६,४९७ जणांनी ती परत केली. ऑगस्ट २००९ मध्ये ७,९१४ मते मिळवून डॉक्टर सारा वोलस्टन विजयी झाल्या. उरलेले दोघे, एक जिल्हापरिषदेच्या नेत्या आणि एक महापौर, स्थानिक राजकारणातील मुरब्बी होते. या प्रयोगाला सुमारे ३८,००० पौंड खर्च आला. २०१० च्या संयुक्त सरकारच्या करारात अशा दोनशे निवडींना निधी देण्याचे आश्वासन होते. ते पाळले गेले नाही. वोलस्टन कॉमन्स सभेत गेल्यावर पक्षादेशाविरुद्ध मत देण्यास कचरल्या नाहीत. फेब्रुवारी २०१९ मध्ये, पुन्हा युरोपच्याच प्रश्नावर, त्यांनी हुजूर पक्ष सोडला, ऑगस्टमध्ये त्या लिबरल डेमोक्रॅट पक्षात गेल्या, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये टॉटनेसच्या मतदारांनी हुजूर पक्षाच्या नव्या उमेदवाराला निवडून दिले.