सोलापूरचा कॅमशाफ्ट

सोलापूर म्हटले की चादर, टॉवेल आणि शेंगांची चटणी डोळ्यांपुढे येते. मोटारीच्या इंजिनातला एक अत्यंत नाजूक कामाचा भाग याच शहरातून देशोदेशी जातो, हे बाहेरच्यांना क्वचितच ठाऊक असते. त्या भागाचे नाव कॅमशाफ्ट आणि तो बनवणाऱ्या कंपनीचे नाव प्रिसिजन कॅमशाफ्ट्स. यतिन शहा यांनी 1992 मध्ये ती सोलापुरात स्थापन केली. पेशाने डॉक्टर असलेल्या त्यांच्या पत्नी सुहासिनी शहा यांनीही पुढे कंपनीच्या संचालनाची धुरा उचलली.

त्या काळचे सोलापूर आठवावे. 1877 मध्ये सुरू झालेली जुनी मिल केव्हाच बंद पडली होती आणि इतर गिरण्यांना घरघर लागली होती. कामगाराचा मुलगा पुण्याची गाडी धरत होता. अशा गावात सुताऐवजी लोखंडाचा, तोही मोटारीच्या इंजिनाचा धंदा काढायचा, तर हिंमत लागते. मोटारींचे कारखाने दूर, बंदर त्याहून दूर. पण मोटार आणि सोलापूर यांचे नाते आधीपासूनचे आहे. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी करणारे वालचंद हिराचंद याच गावात जन्मले होते.

कॅमशाफ्ट हा लांब दांडा. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, त्यांना कॅम किंवा लोब म्हणतात. दांडा फिरला की लोब झडपा उघडतात, त्यातून हवा आत येते, धूर बाहेर जातो. क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने तो फिरतो, म्हणजे इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर हा 1500 घेतो. प्रत्येक फेऱ्याला झडपेकडचा भाग लोबवर घासतो. लोब झिजला की झडप पुरेशी उघडत नाही आणि गाडीची ताकद उतरते. म्हणून लोबचा पृष्ठभाग अतिशय कठीण हवा. पण सगळाच दांडा तसा कठीण झाला तर त्यावर यंत्रकाम करणे अवघड होते आणि तो ठिसूळही होतो.

यावरचा उपाय फाउंड्रीत आहे आणि मला या साऱ्या कहाणीत तोच सर्वांत विलक्षण वाटतो. तापवलेल्या धातूच्या साच्यावर राळ लावलेली वाळू टाकून पातळ कवचासारखा मोल्ड तयार करतात. लोब जिथे येणार तिथे धातूचे तुकडे बसवतात, त्यांना चिल म्हणतात. मग लोखंडाचा रस ओततात. चिलला टेकलेला रस झटकन गोठतो. तिथल्या कार्बनला ग्राफाइट होण्याइतकी सवड मिळत नाही, तो लोखंडाशीच जोडला जातो आणि पांढरे, कणखर लोखंड तयार होते. बाकीचा रस सावकाश निवतो, तिथे करडे, कापता येण्याजोगे लोखंड मिळते. एकाच ओतकामात, एकाच दांड्यात, दोन स्वभावांचे लोखंड! रसाचे तापमान, त्यातला कार्बन आणि सिलिकॉन, ओतण्याचा वेग यांतले काहीही बिघडले की कास्टिंग भंगारात. पुढचे ग्राइंडिंग तर मायक्रॉनच्या हिशेबात चालते.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीनंतर पुणे रस्त्यावरच्या चिंचोळी एमआयडीसीत निर्यातीचा कारखाना उभा राहिला. जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई, मारुती, टाटा, महिंद्र ही ग्राहकांची नावे. दीडशेहून अधिक प्रकारचे कॅमशाफ्ट इथे बनू लागले. चीनमधल्या निंगबो शहरात भागीदारीत कारखाना झाला. 2016 च्या आरंभी कंपनीने शेअर बाजारात पाऊल ठेवले, तेव्हा समभाग 186 रुपयांना दिला आणि सुमारे 410 कोटी रुपये उभे राहिले.

पण विजेच्या मोटारीला झडपा नसतात, त्यामुळे तिला कॅमशाफ्टही लागत नाही. ज्या वस्तूवर घर उभे राहिले तीच उद्या नको होणार, हे शहा कुटुंबाने वेळीच ओळखले. 2017 मध्ये नाशिकची मेमको इंजिनिअरिंग आणि 2018 मध्ये जर्मनीतली एमएफटी व नेदरलँड्समधली इमॉस या कंपन्या त्यांनी घेतल्या. इमॉस ट्रक आणि बसना विजेवर चालवण्याच्या प्रणाली बनवत होती. परदेशी कंपनी विकत घेणे वेगळे आणि सोलापुरात बसून ती चालवणे वेगळे, तरीही ही दिशा योग्यच होती असे माझे मत आहे. आपला माल खपतो आहे तोवर त्याच्या पलीकडे बघायचे, ही दृष्टी सोलापूरच्या जुन्या गिरणीमालकांनी दाखवली असती तर या शहराचा इतिहास निराळा झाला असता.

सोलापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना आणि आयटीआयना एक विनंती आहे. पुण्याच्या कंपन्यांत सहली न्याच, पण त्याआधी आपल्या मुलांना आपल्याच एमआयडीसीतल्या फाउंड्रीत उभे करा आणि चिलपाशी गोठणारे लोखंड दाखवा.