काळ्या मातीतला माग

अमेरिकेत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होण्याआधी मुलं वडीलधाऱ्यांसोबत रान पालथं घालतात. ठसे, लेंड्या, पाणवठे हेरतात. आपल्याकडे काळविटाची शिकार हा गुन्हा आहे; १९७२च्या वन्यजीव कायद्याचं या प्राण्याला संरक्षण आहे. माग काढण्याची विद्या मात्र इथल्या पोरांनीही शिकायलाच हवी.

पावसाने उघडीप दिली की काळ्या मातीत ठसे स्वच्छ उमटतात. काळविटाचा खूर अरुंद, टोकदार. रानडुकराच्या ठशात मागच्या बाजूला उपखुरांच्या दोन खुणाही दिसतात. रोही (नीलगाय) पुन्हा पुन्हा त्याच जागी लेंड्या टाकतो. काळविटाचा नर तशाच ढिगांनी आपली हद्द दाखवतो.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री राज्यातल्या अनेक जंगलांत पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसून प्राणी मोजतात. माग काढून प्राण्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा आधी पाहून ठेवल्या, तर वाऱ्याची दिशा धरून मचाणाची जागा ठरवता येते.