'ऑपरेशन ऑल क्लिअर' (२००३) : भारत-भूतान लष्करी सहकार्य आणि लहान राष्ट्राचे सार्वभौमत्व

प्रस्तावना :
दोन राष्ट्रांची संयुक्त लष्करी कारवाई म्हटली की दोन्ही सैन्ये एकाच रणभूमीवर लढली असा सर्वसाधारण समज होतो. डिसेंबर २००३ मध्ये दक्षिण भूतानमध्ये झालेल्या कारवाईस तो लागू पडत नाही. तेथील सहकार्य श्रमविभागणीवर आधारलेले होते. या विभागणीमागील राजकीय अर्थ स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
१९९० च्या दशकात आसाममध्ये लष्करी दबाव वाढल्यानंतर उल्फा व एनडीएफबी या संघटनांनी भूतानच्या दक्षिणेकडील जंगलांत तळ उभारले. पुढे उत्तर बंगालमधील केएलओ ही संघटनाही तेथे आली. या तिन्ही संघटनांचे मिळून ३० तळ होते. त्यांपैकी उल्फाचे १३, एनडीएफबीचे १२ आणि केएलओचे ५ होते.

भूतानपुढील पेच दुहेरी होता. सैन्य अवघे काही हजारांचे होते. शिवाय देशाच्या पूर्व व पश्चिम भागांतील बरीचशी वाहतूक आसाममधून होत असल्याने नागरिक सूडाच्या कक्षेत येत होते. डिसेंबर २००० मध्ये अशा प्रवाशांवर प्राणघातक हल्लेही झाले. म्हणून भूतानने प्रथम वाटाघाटींचा मार्ग स्वीकारला. जून २००१ मध्ये उल्फाने चार तळ हलविण्याचे मान्य केले. परंतु त्यातून प्रश्न सुटला नाही. अखेर २००३ च्या राष्ट्रीय सभेने चर्चेचा शेवटचा प्रयत्न करून, तो फसल्यास बळाचा वापर करण्यास संमती दिली.

कारवाईचे स्वरूप :
१५ डिसेंबर २००३ रोजी कारवाई सुरू झाली. राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी तिचे नेतृत्व स्वतः केले. तळांवरील हल्ले भूतानी सैन्याने केले, तर भारतीय सैन्याने सीमा रोखून धरली आणि जखमींना हलविण्यासाठी साहाय्य केले. सर्व तळ उद्ध्वस्त झाले. भूतानने आपले सैनिक गमावले; दोचुला खिंडीतील १०८ स्तूप त्यांच्या स्मृत्यर्थ उभे आहेत.

या विभागणीचे महत्त्व राजकीय आहे. १९४९ च्या करारातील कलम २ अन्वये परराष्ट्र व्यवहारांत भारताच्या सल्ल्याने चालण्याचे भूतानने मान्य केले होते. अशा राष्ट्राच्या भूमीवर भारतीय सैन्य लढले असते, तर तळ हटले असते. परंतु भूतानची स्वायत्तता प्रश्नांकित झाली असती. ८ फेब्रुवारी २००७ रोजी झालेल्या नव्या करारात ही तरतूद वगळण्यात आली. आपली भूमी परस्परांच्या सुरक्षेस घातक कृत्यांसाठी वापरू न देण्याचे बंधन दोघांनीही स्वीकारले. २००३ मध्ये भूतानने जे कृतीने सिद्ध केले, त्याच्याशी हे समान बंधन सुसंगत होते.

मर्यादा :
तळ नष्ट झाले, तरी चळवळी संपल्या नाहीत. उल्फाचे नेतृत्व बांगलादेशात व काही गट म्यानमारमध्ये कार्यरत राहिले. बेपत्ता झालेल्यांचा ठावठिकाणा त्यांचे कुटुंबीय पुढेही विचारत राहिले. एनडीएफबीच्या गटांशी जानेवारी २०२० मध्ये आणि उल्फाच्या चर्चासमर्थक गटाशी डिसेंबर २०२३ मध्ये करार झाले, तेही राजकीय वाटाघाटींतून.

निष्कर्ष :
संयुक्त कारवाईचे यश केवळ उद्ध्वस्त तळांच्या संख्येवरून मोजणे अपुरे आहे. बलाढ्य मित्राने कोठे थांबावे, याचा विवेक हाही त्या यशाचा निकष ठरतो. मात्र लष्करी यश प्रश्नाचे स्थान बदलते. त्याची सोडवणूक राजकारणालाच करावी लागते.